शाल परत मागायची रीत

समजा, उद्या तुमच्या हाती भारताचा फुटबॉल संघ आला. हसू नका, येऊ शकतो. महासंघाचा अध्यक्ष निवडायला आपल्याकडे चौतीस मतं पुरली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातली ३३ कल्याण चौबे यांना मिळाली आणि भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाला एक. म्हणजे समोरच्यापेक्षा जास्त चांगलं फुटबॉल खेळलेलं असणं ही काही आपल्याकडे पात्रता नाही. तेव्हा तुम्हीही आशा सोडू नका, आणि संघ हाती आलाच तर पुढच्या चार गोष्टी ध्यानात असू द्या.

पहिलं काम निरोपाचं. ज्याला परत बोलवायचं आहे त्याला आधी नीट घालवावं लागतं, ही गोष्ट घाईत विसरते. आपला कर्णधार सुनील छेत्रीचं आपण कसं केलं पाहा. १६ मे २०२४ ला त्यानं व्हिडिओ टाकून निवृत्ती जाहीर केली आणि ६ जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतशी शेवटचा सामना. विश्वचषक पात्रता फेरीतला हा सामना जिंकायलाच हवा होता. सुटला ०-० असा. पण समारंभच इतका हृद्य की आपण जिंकलो नाही हे लोकांना दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना कळलं. १५१ सामने, ९४ गोल, डोळे पुसणारं स्टेडियम. निरोप असा हवा.

पाचच दिवसांनी कतारमध्ये २-१ असे हरून आपण पात्रता फेरीतून बाहेर पडलो. त्या सामन्यात कतारच्या पहिल्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता. साऱ्या जगाला दिसला, पंचांना दिसला नाही. असा एखादा खराखुरा अन्याय पदरात पडला तर तो जपून ठेवा, वर्षभर पुरतो. मग त्याच फेरीत मार्चमध्ये, गुवाहाटीत, आपल्याच प्रेक्षकांसमोर अफगाणिस्तानकडून १-२ असे कसे हरलो, हे कुणी विचारत नाही. तिथला आपला एकमेव गोलही छेत्रीचाच, पेनल्टीवरचा. त्याचा दीडशेवा सामना होता तो.

आता प्रशिक्षक बदला. इगोर स्टिमॅच यांना काढायला आपल्याला आठवडाही लागला नाही. नव्या माणसाची निवड करताना एक पथ्य पाळा: त्याला आधीची पूर्णवेळ नोकरी असावी. मानोलो मार्केझ एफसी गोवाचे प्रशिक्षक होतेच, त्यांच्याकडेच देशाचा संघही सोपवला. क्लबचं काम क्लबच्या वेळेत, देशाचं काम उरलेल्या वेळेत. मॉरिशसशी ०-०, सीरियाकडून ०-३, व्हिएतनामशी १-१, मलेशियाशी १-१. आधीचे आणि नंतरचे प्रशिक्षक मिळून २०२४ च्या संपूर्ण वर्षात अकरा सामने, विजय शून्य, गोल चार. इतक्या सातत्यानं खेळणारे संघ जगात मोजकेच असतील.

या टप्प्यावर एखादा आगाऊ पत्रकार विचारील, 'गोल कोण करणार?' या प्रश्नाचं उत्तर द्या. मात्र 'गोल करणारा दुसरा कुणी का तयार झाला नाही?' हा प्रश्न कानावर पडला तर चहाची वेळ झाली असं जाहीर करा. कारण त्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे आणि ते तुमच्याच कपाटात आहे. इंडियन सुपर लीग या देशातल्या मुख्य क्लब स्पर्धेत एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात. क्लबचा मालक पैसे मोजतो ते कशाला? गोलाला. मग मधला आघाडीवीर परदेशातून येतो आणि आपला पोरगा कडेला सरकतो, आणखी सरकला की बचावफळीत जातो, तिथूनही सरकला की राखीव बाकावर. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडले की पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. तेव्हा आम्ही इकडे छाती काढून फिरलो होतो. पुढं त्याचं बरंचसं फुटबॉल कडेनं पळण्यात गेलं. पण हे असं एकेक नाव काढत बसलात तर तुमची बैठक संपायची नाही.

त्यापेक्षा आकडे दाखवा, आकड्यांपुढं कुणी बोलत नाही. २०२४-२५ च्या मोसमात बेंगळुरू एफसीकडून खेळताना छेत्रीनं मार्चपर्यंत बारा गोल केले होते, पुढं चौदा झाले. भारतीयांत सर्वाधिक. गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसचे सात. मोहन बागानचा शुभाशिष बोस सहा गोल करून बसला, आणि तो बचावपटू आहे. म्हणजे देशात गोल करणारी माणसं दोन प्रकारची: चाळिशीतली आणि बचाव करणारी. यावरून धोरण ठरवायला कितीसा वेळ लागतो?

६ मार्च २०२५ ला महासंघानं जाहीर केलं की छेत्री परत येतोय. आपल्या सरकारी कचेऱ्यांत ही पद्धत जुनी आहे. साहेब ३१ तारखेला शाल-नारळ घेऊन घरी जातात आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलावर, त्याच पंख्याखाली, कंत्राटी सल्लागार म्हणून बसलेले सापडतात, कारण फाइल कुठं ठेवलीय ते त्यांनाच ठाऊक असतं. फरक एवढाच की साहेबांना सत्तर मिनिटं धावावं लागत नाही. यात छेत्रीचा दोष काढू नका. २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल करणाऱ्या माणसाला वीस वर्षांनी विचारलं, 'येतोस का?', तर तो काय नाही म्हणणार? त्याला विचारण्यात तुमचं कौशल्य आहे. विचारताना मान थोडी खाली असावी.

परत आणल्यावर पहिला सामना नीट निवडा. आपण मालदीव निवडलं. १९ मार्चला शिलाँगमध्ये ३-० असा विजय, पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, तिसरा अर्थात छेत्रीचा, पंचाण्णवावा. सोळा महिन्यांनी आपण सामना जिंकलो. हा दिवस भरपूर साजरा करा, मिठाई वाटा, 'वाघ परतला' वगैरे मथळे येऊ द्या, कारण सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेश येणार आहे आणि तो सामना खरा आहे. आशियाई करंडक २०२७ च्या पात्रता फेरीतला. गटात चार संघ, पुढं जाणार एकच. सुटला ०-०.

जूनमध्ये थायलंडकडून ०-२. मैत्रीपूर्ण लढत होती, मैत्री टिकली. मग १० जूनला हाँगकाँग, त्यांच्या नव्याकोऱ्या काई ताक मैदानावर. तिथं छेत्री बदली खेळाडू म्हणून उतरला. गोलशून्य बरोबरी दिसू लागली होती, तेवढ्यात भरपाई वेळेत त्यांना पेनल्टी मिळाली. ०-१. तीनच वर्षांपूर्वी, जून २०२२ मध्ये, याच हाँगकाँगला आपण कोलकात्यात ४-० असं धुतलं होतं. तेव्हा काय वेगळं होतं? सांगतो. तेव्हा महासंघानं संघाला 'प्रेरणा' देण्यासाठी ज्योतिष्यांच्या एका कंपनीला सुमारे १६ लाख रुपये मोजल्याच्या बातम्या आल्या होत्या. लोक हसले. लोकांचं काय जातं? आपण पात्र ठरलो की नाही? त्या पात्रता फेरीत तीन सामन्यांत छेत्रीनं चार गोल केले होते हा निव्वळ योगायोग, श्रेय ग्रहांचं. पुढं जानेवारी २०२४ ला कतारमध्ये आशियाई करंडकाचे तिन्ही सामने एकही गोल न करता हरलो, ते बहुधा नूतनीकरण राहिल्यामुळे. तेव्हा तुमच्या अंदाजपत्रकात हे कलम विसरू नका. लहान मुलांच्या लीगसाठी पैसे उरले नाहीत तर चालतं, त्यांना अजून मत नाही.

हाँगकाँगनंतर मार्केझ गेले आणि जागेची जाहिरात निघाली. इथं एक नाजूक सल्ला: अर्ज उघडण्याआधी ई-मेलचा पत्ता वाचा. बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक झावी याचा अर्ज आला म्हणून देशभर चर्चा झाली. तो महागात पडेल म्हणून त्याचा विचार झाला नाही अशाही बातम्या आल्या. नंतर महासंघानंच खुलासा केला की झावी आणि पेप गार्डिओला या बड्या परदेशी प्रशिक्षकांच्या नावानं आलेले अर्ज खरे नव्हते. आमचं म्हणणं, खुलासा करायची काय गरज होती? गार्डिओला आमच्याकडे यायला तयार होता आणि आम्ही खालिद जमीलना निवडलं, हे वाक्य पुढच्या निवडणुकीत किती छान वाटलं असतं.

खालिद जमील आले ऑगस्टमध्ये. आणि आल्या आल्या त्यांनी घोटाळा केला. मध्य आशियातल्या नेशन्स करंडकासाठी संघ निवडला त्यात छेत्री नाही! त्या संघानं ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ असं हरवलं आणि शेवटी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक पटकावला. इराणकडून हरलो, पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. छेत्रीशिवाय संघ चालू शकतो असा धोकादायक पुरावा समोर आल्यावर तुम्ही काय कराल? बरोबर. त्याला परत बोलवाल. ऑक्टोबरमधल्या सिंगापूरच्या दोन सामन्यांसाठी तो पुन्हा संघात होता. एकाच वर्षात दोनदा परत येणं हा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

दरम्यान खेळाडूंना विश्रांती मिळेल याचीही काळजी घ्या. महासंघाचा लीगच्या चालकांशी असलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ ला संपत होता. ही तारीख पंधरा वर्षं आधी ठाऊक असल्यामुळे अर्थातच कुणाच्या लक्षात राहिली नाही, आणि जुलैमध्ये लीग बेमुदत लांबणीवर पडली. कित्येक क्लबांनी सरावच थांबवला. सिंगापूरला जाताना आमची पोरं इतकी ताजीतवानी होती की कित्येकांना शेवटचा स्पर्धात्मक सामना कधी खेळलो ते आठवावं लागलं असेल.

सिंगापूरमध्ये दहा जणांनी खेळून, नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीच्या गोलानं १-१ अशी बरोबरी. मग १४ ऑक्टोबर, गोवा, फातोर्डाचं नेहरू स्टेडियम. या मैदानाइतकं फुटबॉल समजणारे प्रेक्षक देशात दोन-तीन ठिकाणीच मिळतील, त्यामुळे बाहेर पडायचंच तर तिथं पडावं, निदान कसे पडलो ते लोकांना नीट कळतं. चौदाव्या मिनिटाला ललियानझुआला छांगतेनं लांबून असा गोल मारला की चाळीस मिनिटांपर्यंत आम्हीही इतरांसारखे आशेला लागलो. मग मध्यंतराच्या तोंडाशी सिंगापूरचा साँग उइ-यंग, मध्यंतरानंतर पुन्हा साँग उइ-यंग. १-२. क्रमवारीत आपल्या बरीच खाली असलेल्या, साठेक लाख वस्तीच्या शहरानं एकशे चाळीस कोटींना घरी बसवलं. लोकसंख्येची ही तुलना आपल्या प्रत्येक पराभवानंतर होते, तुम्हीही करा. जणू काही एकशे चाळीस कोटी लोक बूट घालून मैदानाबाहेर रांगेत उभे होते आणि प्रशिक्षकानं आत घेतलं नाही.

दुसरी निवृत्ती मात्र साधेपणानं उरकावी. नोव्हेंबरमध्ये छेत्रीनं एका मुलाखतीत सांगून टाकलं की आशियाई करंडकासाठी आलो होतो, तो गेला, मीही जातो. स्टेडियम नाही, हार नाहीत, कुवेत नाही. त्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला १-० असं हरवलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. क्रमवारीत आपण १४२ वर घसरलो. आता त्याला तिसऱ्यांदा फोन लावण्याचा मोह होईल तुम्हाला. थोडं थांबा, पुढं येतंय ते वाचा.

त्याआधी, ज्यांच्या हाती संघ येणार नाही त्या उरलेल्या तमाम मंडळींसाठी दोन शब्द. २ जून २०१८ ला छेत्रीनं एक व्हिडिओ टाकला होता: शिव्या द्या, टीका करा, पण सामना बघायला या. कारण अंधेरीच्या मैदानावर चायनीज तैपेईविरुद्ध त्यानं हॅट्‌ट्रिक केली तेव्हा बघायला अडीच हजारांच्या आसपास लोक होते. पुढचा केनियाचा सामना, त्याचा शंभरावा, धो धो पावसात भरगच्च झाला. एका कर्णधारानं हात जोडले की मुंबईकर येतात. त्यामुळे प्रत्येक सामन्याआधी कुणीतरी हात जोडेपर्यंत घरी थांबावं. डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सी आला तेव्हा हात जोडावे लागले नाहीत. हजारो रुपयांची तिकिटं घेऊन लोक आले, मेस्सी हात हलवून गेला, आणि त्याच कार्यक्रमात छेत्रीला मेस्सीकडून जर्सी मिळाली. तुम्ही तिथं असाल तर दोघांचा एकत्र फोटो नक्की काढला असेल. काढायलाच हवा, अजून खेळणाऱ्यांपैकी देशासाठी सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत हे दोघं शेजारी-शेजारीच असायचे.

आता तो फोन. लावू नका, कारण महासंघाला नवा गडी सापडलाय. रायन विल्यम्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मूळची मुंबईची, आजोबा पन्नासच्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. बेंगळुरू एफसीकडून खेळता खेळता त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचा पासपोर्ट घेतला. पासपोर्ट त्याच्या हाती दिला तो छेत्रीनंच. ढाक्याच्या सामन्यात काही तो खेळू शकला नाही, कारण ऑस्ट्रेलियाकडून यायचा एक कागद वेळेत आला नव्हता. पुढं तो आला. तेव्हा वय बत्तीस. पिढीबदल म्हणतात तो हा. पत्रकार परिषदेत हा शब्द वापरताना चेहरा गंभीर ठेवायचा, आणि 'मग सतरा-अठरा वर्षांचे कुठं आहेत?' असं कुणी विचारलंच, तर सांगायचं की ते कडेला आहेत, पळताहेत.