पहिलं कलम आणि बारावं कलम

आज १५ मार्च. बुडापेस्टमध्ये सुट्टी. सकाळपासून रस्त्यात दिसेल त्याच्या कोटावर डाव्या बाजूला, बरोबर काळजावर, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं गोल फूल. त्याला इथे कोकार्दा म्हणतात. लाल रंग आत हवा की बाहेर, यावर दर वर्षी वाद होतो. आमच्या लेकीने बालवाडीत कागदाचं केलं होतं, डिंक अजून ओलाच होता. सोबत हुसार घोडेस्वाराची कागदी टोपीही होती.

२०१६ साली मी इथे आलो तेव्हा वाटलं होतं, हा यांचा १५ ऑगस्ट असणार. मग हळूहळू कळत गेलं. या तारखेला हंगेरी स्वतंत्र झाला नाही आणि कुठली लढाईही जिंकला नाही. या तारखेला काही पोरांनी सरकारची परवानगी न घेता दोन मजकूर छापले. एवढ्यासाठी एक अख्खा देश पावणेदोनशे वर्षं काळजावर फूल लावतोय, हे मला अजूनही फार मोठं वाटतं.

साल १८४८. हंगेरी तेव्हा व्हिएन्नातल्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राज्यात होता. व्हिएन्नात १३ मार्चला उठाव झाला, ऑस्ट्रियाचा बलाढ्य चॅन्सेलर मेटर्निख पडला. ती बातमी पेश्तला (आजच्या बुडापेस्टचा पूर्वेकडचा भाग) पोचली आणि पिल्वॉक्स नावाच्या कॉफीगृहात बसणाऱ्या तरुणांनी ठरवलं की आता थांबायचं नाही. कवी शांदोर पेतोफी तेव्हा २५ वर्षांचा होता. मोर योकाई, पाल वॉश्वारी, योझेफ इरिन्यी हे त्याचे सोबती. हातात दोन कागद होते, एक पेतोफीची कविता आणि दुसरा बारा मागण्यांचा. पाऊस पडत होता. विद्यार्थी गोळा करत ते लांदेरेरच्या छापखान्यावर गेले. सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय तेव्हा एक ओळही छापता येत नसे. मालकाने नकार दिला, आणि मग हळूच सुचवलं की एखादं यंत्र ताब्यात घ्या, असं सांगतात. इरिन्यीने यंत्रावर हात ठेवला आणि जनतेच्या नावाने ते जप्त केलं.

कवितेची पहिली छापील प्रत पेतोफीने स्वतःजवळ ठेवली आणि तिच्यावर आपल्या हाताने लिहून ठेवलं की सेन्सॉर गेल्यावर यंत्रातून निघालेला हा पहिला कागद, म्हणजे हंगेरीच्या स्वातंत्र्याचा पहिला श्वास. शाई वाळायच्या आत कवी ही नोंद करतोय, हे डोळ्यांपुढे आणून बघा.

बारा मागण्यांतलं पहिलं कलम वृत्तपत्रस्वातंत्र्याचं, सेन्सॉर रद्द करण्याचं. जबाबदार मंत्रिमंडळ, वेठबिगारीचा अंत, सर्वांना सारखा कर, कायद्यापुढे समानता हे सगळं त्यानंतर. त्या दिवशी संध्याकाळी जमाव नदी ओलांडून पलीकडच्या बुदाच्या किल्ल्यावर गेला आणि एका कैद्याला सोडवून आणलं. मिहाय तानचिच त्याचं नाव, कुळाच्या घरात जन्मलेला लेखक. लिहिलं म्हणून तुरुंगात पडला होता. लोकांनी त्याच्या बग्गीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढली. दिवसभरात कुणाचं रक्त सांडलं नाही.

पुढचं थोडक्यात. व्हिएन्नाशी युद्ध पेटलं, एप्रिल १८४९ मध्ये देब्रेत्सेनच्या मोठ्या चर्चमध्ये हॅब्सबर्ग घराण्याला पदच्युत केल्याचं जाहीर झालं, मग व्हिएन्नाच्या मदतीला रशियाच्या झारचं सुमारे २ लाखांचं सैन्य आलं आणि ऑगस्टमध्ये सगळं संपलं. ६ ऑक्टोबरला आराद इथे १३ सेनानींना आणि पेश्तमध्ये पंतप्रधान बॉत्यानींना मृत्युदंड दिला. पेतोफी त्याआधीच, जुलैअखेर, रणांगणावर दिसेनासा झाला होता.

तरी तारीख राहिली, आणि कुठल्याही सरकारने दिली म्हणून राहिली नाही. १८६० मध्ये याच दिवशी स्मरणाला निघालेल्या विद्यार्थ्यांवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात गेझा फोरिन्याक गेला. १८९८ मध्ये तर कायदाच केला की राष्ट्रीय दिन ११ एप्रिल, कारण १८४८ मध्ये त्या दिवशी राजाने नव्या कायद्यांना संमती दिली होती. लोकांनी राजाच्या सहीचा दिवस मनावर घेतलाच नाही. १५ मार्चला कायद्याने मान मिळायला १९२७ उजाडलं. कम्युनिस्ट राजवटीत तो पुन्हा कामाचा दिवस झाला. आमच्या मजल्यावरच्या आजी १९८६ च्या १५ मार्चला साखळी पुलावर होत्या, पोलिसांनी तरुणांना दंडुक्यांनी झोडपलं तेव्हा. अजून सांगताना त्या नकळत खांदा चोळतात.

म्हणून मला वाटतं, हा दिवस आमचा असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या कलमावर जोखावं. आज सरकारही सभा घेतं, विरोधकही घेतात, फुलं सगळ्यांच्या कोटावर असतात. मी आलो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेप्साबॉद्शाग हे इथलं मोठं दैनिक एका शनिवारी अचानक बंद झालं. मालकांनी तोट्याचं कारण दिलं. आमच्या ऑफिसातले लोक त्यानंतर ज्या आवाजात बोलत होते, तो मी विसरलेलो नाही.

आणि बाराव्या कलमाबद्दलही बोललं पाहिजे. ट्रान्सिल्व्हेनियाशी (हा प्रदेश आज रोमेनियात आहे) एकीकरण, ही ती मागणी. तिथे मोठ्या संख्येने राहणाऱ्या रोमेनियन लोकांना कुणी विचारलं नव्हतं. मे १८४८ मध्ये ते तिथल्या ब्लाज गावी हजारोंनी जमले आणि आम्हीही एक राष्ट्र आहोत असं त्यांनी सांगितलं. ऐकलं गेलं नाही. वर्षभराने, जुलै १८४९ मध्ये, पिल्वॉक्समधला तो पाल वॉश्वारी आव्राम यांकूच्या रोमेनियन लढवय्यांशी लढताना डोंगरात मारला गेला. तेवीस वर्षांचाही नव्हता. त्याच जुलैअखेर अल्पसंख्याकांच्या हक्कांचा कायदा संसदेने केला, पण तोवर फार उशीर झाला होता. ज्या पेतोफीला हंगेरी आपला राष्ट्रकवी मानते, त्याचे आईवडील स्लोव्हाक वंशाचे, जन्माचं आडनाव पेत्रोविच. हे सगळं ठाऊक असलेल्या देशात हा भाग दर वर्षी भाषणांतून गळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या टीममध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्लुज शहराचा एक रोमेनियन मुलगा आहे. त्याच्यासाठी यांकू हा वीर आहे. आज तो घरीच बसतो.

दुपारी आम्ही राष्ट्रीय संग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी गेलो. वारा बोचरा होता. शाळेच्या वयाची एक मुलगी खणखणीत आवाजात बारा मागण्या वाचत होती. पहिलीवर टाळ्या झाल्या, मी हात दुखेस्तोवर वाजवल्या. लेक खांद्यावर होती, प्रत्येक कलमाला कागदी टोपी हलवत होती. बारावी मागणी आली तेव्हा सगळ्या चौकाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी लेकीचे पाय घट्ट धरून उभा राहिलो.