तीस म्हणजे नक्की किती?

आमच्या घरात तीसपर्यंत धड मोजता येणारा एकही माणूस नाही आणि माझे दोन्ही पाय त्या तीसवरच अवलंबून आहेत. फिजिओ मॅडमनी सांगून ठेवलंय, एकेक स्ट्रेच तीस सेकंद धरायचा, मग सोडायचा, प्रत्येक पायाला चार वेळा, रोज. ऐकायला काय, सोपंच वाटतं. स्वतःचा पाय दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून छताकडे बघत पडलात की कळतं तीस किती लांब आहे ते.

मला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया. म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली, ती काही वाढत नाही, पण पायांना वरून सारखा 'आवळ, आवळ' एवढाच निरोप येतो आणि 'सोड'वाला निरोप वाटेत कुठेतरी गहाळ होतो. मग पोटऱ्या आणि मांडीमागचे हॅमस्ट्रिंग रोज ताणले नाहीत तर आखडून बसतात. लंडनच्या विल्यम लिटल नावाच्या डॉक्टरने १८६१ मध्ये हे प्रकरण पहिल्यांदा नीट मांडलं, म्हणून आधी याला लिटल्स डिसीज म्हणायचे. त्याचा स्वतःचा एक पाय वाकडा होता, त्यामुळे माझा त्याच्यावर जरा जीव आहे.

तर मोजणी. आई मोजते ती अशी, "दहा, अकरा, बारा, अरे कुकरच्या किती झाल्या रे, तीन की चार? बरं, कुठे होते मी? दहा, अकरा..." बाबा रिटायर्ड हेडमास्तर, ते घड्याळ समोर ठेवून मोजतात, एकदम चोख, फक्त सत्तावीसला थांबून "दुखतंय का रे?" विचारतात आणि माझं उत्तर पूर्ण होईपर्यंत पुढे जात नाहीत. भाचा सुट्टीला आला की मोजतो, "पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस, झालं मामा!" तो माझा सगळ्यात लाडका.

आणि या सगळ्यावर पोदेर, म्हणजे आमचा गोव्याचा पाववाला. सकाळी साडेसहाला सायकलवर पावांची टोपली घेऊन येतो आणि बरोब्बर आमच्या गेटवर रबरी भोंगा दाबतो. सीपीमध्ये दचकणं नॉर्मल माणसापेक्षा जास्तच असतं, ते आपल्या हातात नसतं. मी दहा वेळा मनातल्या मनात 'सैल सोड, सैल सोड' म्हटलं तर पाय ऐकत नाही, पण पोदेराने एकदा पोंऽय केलं की अख्खा पाय बाणासारखा सरळ! एकदा आईचा चष्मा देव्हाऱ्यापर्यंत गेला, वर तिलाच वाईट वाटलं की मोजणी चुकली.

मध्यंतरी मावशी म्हणाली, या स्ट्रेचनी काय होतंय, काजूफेणी चोळ. गोव्यात सर्दीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्यावर फेणीच. चोळली आणि तसाच फोंड्याला फिजिओकडे निघालो. आधीच माझी चाल अशी की अनोळखी माणसाला वाटावं हा बारमधूनच निघालाय, त्यात हा वास! बसमध्ये चढताना कंडक्टर म्हणतो, "पात्रांव, सकाळींच मारली?" म्हटलं, "मारली नाही रे, लावली." "तें एकूच," म्हणाला आणि पुढची सीट दिली. खरं सांगतो, अपंगांसाठी राखीव सीट मागून जी कधी मिळाली नव्हती ती दारुडा म्हणून मिळाली. त्याच दिवशी परत येताना बस चुकली म्हणून पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, केला. आता माझ्या मांड्या एकमेकींना चिकटलेल्याच असतात, अ‍ॅडक्टर म्हणजे मांड्या आत ओढणारे स्नायू टाइट, त्यामुळे मोटरसायकलवर मागे बसायचं म्हणजे आधी पायलटने माझा एक पाय उचलून पलीकडे टाकायचा. आणि रस्त्यात खड्डा आला की त्या मांड्या त्याला अशा आवळतात की तो घरापर्यंत तोंडातून शब्द काढत नाही.

शेवटी बाबांनी पोदेराला जाऊन सांगितलं, बाबा रे, तुझ्या भोंग्याने पोराचा व्यायाम मोडतो. भला माणूस, दुसऱ्या दिवसापासून भोंगा बंद. गेटपाशी सायकल लावून आमची मोजणी संपायची वाट बघत गप उभा राहायचा. आईचं चालूच होतं, "चोवीस, पंचवीस, अगो बाई दूध ठेवलंय... वीस, एकवीस..."

"बाय!" गेटवरून आवाज आला, "पंचवीस जाले, फाटीं वचूं नाका!"

मग उरलेले पाच त्याने स्वतःच मोजले, मोठ्याने, एकेक सेकंदाला एकेक. तीस म्हटल्यावर पाय सुटला, मी सुटलो, आई हसायला लागली, आणि त्यालाही इतका आनंद झाला की त्याने सवयीने भोंगा दाबला.

चष्मा या वेळी देव्हाऱ्याच्या पलीकडे गेला.