पेट्रोल भरल्यावर गाडी अडते, आणि बोल पंपावरच्या पोराला

ऊन तापायला लागलं की धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच सुरू झाली नाही तर पेट्रोलमध्ये पाणी आहे असं समजा. पाणी नसेल तर इथेनॉलमुळे झालं. आपल्याकडच्या उन्हात टाकी अर्धीच भरा, नाहीतर ती फुटेल. एवढं करूनही अडली तर फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा गाडीतला पंप, बदला. माझ्या मावसभावाने हे सगळं मनावर घेतलं. अमळनेर रस्त्यावरच्या एका पंपावर ‘पेट्रोलमा पानी से’ म्हणत त्याने तिथल्या पोराला चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. मग गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलून घेतला. पुढच्या वेळी टाकी फुल केली, आणि गाडी पुन्हा तशीच अडली. त्या पोराचा अपमान आणि भावाचे पैसे, दोन्ही फुकट गेले, म्हणून या मेसेजला उत्तर द्यायचं आहे.

आधी पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि फ्युएल पंपही तळातूनच ओढतो, त्यामुळे पाणी शिरलं तर गाडी त्रास देणारच. पण पाइपात आधीचं चांगलं पेट्रोल असतं. त्यावर गाडी बहुतेक वेळा सुरू होते, थोडं अंतर जाते, मग झटके खाते, बंद पडते आणि पुढे अडतच राहते. भावाच्या गाडीचं नेमकं उलटं होतं. पंपावर पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागायचा, सुरू झाली की थोडा वेळ थरथरायची, पेट्रोलचा उग्र वास यायचा, आणि मग चाळीसगावपर्यंत काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. टाकीत पेट्रोल तेच. मग पाणी रात्रीतून गेलं कुठे?

पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरू शकतं, ते मी नाकारत नाही. शंका आली तर बिल जपा आणि तपासणी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. फिल्टर पेपरवर भेसळीचा डाग दिसतो, पेट्रोलची घनता पंपावरच्या नोंदीशी ताडून बघता येते, आणि पाण्यासाठी टाकीत सोडायच्या पट्टीला पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. नोझल धरणाऱ्या पोरावर ओरडून यातलं काहीच कळत नाही.

इथेनॉललाही हाच न्याय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. मायलेज थोडं घटतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजीही रास्त आहे. पण दोष इथेनॉलचा असता तर गाडी रोज सकाळी अडली असती, फक्त टाकी भरल्यावर नाही.

टाकी भरताना होतं काय, ते बघा. ३० लिटर पेट्रोल आत गेलं की टाकीतली तेवढीच वाफभरली हवा बाहेर ढकलली जाते. बरीचशी टाकीच्या तोंडातून निघून जाते. पण टाकीपासून एक पाइप कोळशाच्या डब्याला, म्हणजे चारकोल कॅनिस्टरला जातो. कोळसा वाफ धरून ठेवतो. कॅनिस्टरपासून इंजिनच्या इनटेकपर्यंतच्या, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या वाटेपर्यंतच्या, पाइपावर पर्ज व्हॉल्व्ह नावाची झडप असते. इंजिन चालू आणि गरम असताना गाडीतला कॉम्प्युटर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनात जाळतो. इंजिन बंद असताना तो बंदच हवा. तो उघडा अडकला तर भरताना दाबलेली वाफ सरळ इनटेकमध्ये साठते. सेल्फ मारताच इंजिनला हवेपेक्षा पेट्रोलच जास्त मिळतं. जुन्या स्कूटरला चोक जास्त ओढला की ती ओव्हर व्हायची, तसाच हा प्रकार. वाफ जळून गेली की गाडी ठणठणीत.

‘अर्धी टाकी भरा’ हा सल्ला लोकांना पटतो तो याचमुळे. ५०० रुपयांचं भरलं तर वाफ कमी ढकलली जाते, गाडी सुरू होते, आणि बिघाड तसाच झाकून राहतो. भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या उन्हात वाफ जास्त होते, म्हणून हा त्रास उन्हाळ्यात जास्त जाणवतो, एवढं खरं. पण भरलेली टाकी उन्हाने फुटते ही भीती निराधार आहे. पेट्रोल आपोआप पेटायला २५० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं कोणत्याही ऋतूत सुरक्षित आहे, असं इंडियन ऑइलने जाहीरपणे सांगितलेलं आहे. खरी चूक वेगळीच आहे. नोझल कट झाल्यावर राऊंड फिगरसाठी आणखी दोन-तीनदा दाबायला आपणच सांगतो. ते जादाचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं आणि कोळसा खराब होतो.

फ्युएल पंप बदलण्याआधी मिस्त्रीला पर्ज व्हॉल्व्ह काढायला सांगा. वायर न जोडता त्यात फुंकर मारा. हवा आरपार गेली तर तो गेला. फ्युएल पंपाच्या मानाने हा भाग खूप स्वस्त असतो. भावाच्या गाडीचा व्हॉल्व्ह फुंकताच आरपार निघाला. तो बदलला, त्यानंतर धुळ्याला टाकी फुल केली आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. डॅशबोर्डवरच्या इंजिन लाइटची वाट बघू नका, भावाच्या गाडीत तो एकदाही लागला नव्हता.

तोवर कुठे अडलात तर गाडी ढकलून नोझलपासून लांब घ्या, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, आणि इंजिन पकडताच पाय काढा. जादा हवा आत जाते आणि बऱ्याच गाड्यांत तेवढा वेळ कॉम्प्युटर पेट्रोलही तोडतो.

पेट्रोल न भरता, ढाब्यावर दहा मिनिटं थांबूनही गाडी तशीच अडत असेल, तर मात्र फ्युएलचा दाब, गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) आणि इंजिनच्या तापमानाचा सेन्सर तपासून घ्या. डिझेल गाडीला हा व्हॉल्व्ह नसतोच, तिचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.