बायोचार टाकला की जिवाणू दहापट? जरा हिशेब मांडू

पऱ्हाटी, म्हणजे वेचणी संपलेल्या कपाशीची झाडं, उपटायचे दिवस आले की खानदेशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. सार असं: पऱ्हाटीचा कोळसा, म्हणजे बायोचार, करा आणि एकरी एक ट्रॉली टाका. त्याची छिद्रं म्हणजे जिवाणूंची घरं, कोळसाच त्यांचं खाद्य. जिवाणू दहापट वाढतात, शेणखत बंद करा. ॲमेझॉनमध्ये हे हजारो वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. मजकूर सगळा खोटा असता तर बरं झालं असतं. तो थोडा थोडा खरा आहे, घोळ तिथेच होतो.

‘एकरी एक ट्रॉली’

कोरडवाहू कपाशीच्या एकरात वाळलेली पऱ्हाटी साधारण ८-१० क्विंटल निघते. नीट जाळली तर त्यातून दोन, फार तर अडीच क्विंटल कोळसा हाती येतो. १०० घनफुटांची ट्रॉली भरायला सहा-सात क्विंटल लागतो, म्हणजे तीन-चार एकरांची पऱ्हाटी. आणि ज्या चाचण्यांचे आकडे दाखवले जातात, त्यांतल्या बहुतेकांत हेक्टरी ५ ते २० टन कोळसा घातलेला असतो.

‘छिद्रं म्हणजे घरं’

कोळशाच्या आतल्या पृष्ठभागाचा मोठा वाटा दोन नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत असतो. जिवाणूचा आकार अर्धा ते दोन मायक्रॉन, म्हणजे छिद्राच्या अडीचशे ते हजार पट. तिथे पाणी आणि क्षार शिरतात, जिवाणू नाही. लाकडातल्या जलवाहिन्यांची रुंद पोकळी शिल्लक राहते, तिथे जिवाणू आणि बुरशीचे तंतू बसू शकतात. पण तीही मातीच्या कणांनी हळूहळू बुजते. तीन वर्षं जमिनीत राहिलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा आत वस्ती तुरळकच दिसली.

‘कोळसा हेच खाद्य’

कोळशातला सरासरी ३ टक्के कर्ब (कार्बन) सहज कुजणारा असतो आणि तो काही महिन्यांत संपतो. उरलेला शेकडो वर्षं टिकतो, म्हणजेच जिवाणूंना तो फारसा खाता येत नाही. टिकतो हेही खरं आणि खाद्य आहे हेही खरं, असं दोन्ही एका दमात सांगता येत नाही. त्या ३ टक्क्यांमुळे पहिल्या काही आठवड्यांत जिवाणूंची हालचाल वाढते. पंधराव्या दिवशी मोजलं की पोस्टर तयार होतं. त्याच काळात हे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात, अमोनियम कोळसाही धरून ठेवतो, आणि नुकतं उगवलेलं पीक पिवळं पडतं.

‘दहापट’ला आधार नाही. जिवाणूंचं एकूण वजन चाचण्यांत कधी वाढतं, कधी तेवढंच राहतं, कधी घटतंही. बदलतं ते जास्त करून कोणत्या जाती किती, हे प्रमाण. मोजण्यातही मेख आहे: क्लोरोफॉर्मच्या धुरीने जिवाणू मारून बाहेर पडलेला कर्ब मोजतात, तेव्हा त्यातला काही कोळसाच शोषून घेतो. नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचं उत्सर्जन घटतं, हा फायदा मात्र बऱ्याच चाचण्यांत दिसलेला आहे.

‘ॲमेझॉनमध्ये सिद्ध झालंय’

तिथली मूळ माती आम्लधर्मी. जुन्या वस्त्यांभोवती कोळशाबरोबर हाडं, मासळीचा कचरा, मैला, खापऱ्या पिढ्यान्‌पिढ्या पडत गेल्या. आम्ल मातीत कोळशाने सामू (pH) वर जातो आणि जिवाणूंना मानवतो. परिणामाचा मोठा भाग हाच. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच ७.५ ते ८.५, वर चुनखडी. ९-१० सामूचा राखमिश्रित कोळसा इथे काय सुधारणार? पिकाला लोह-जस्त मिळण्याची अडचण वाढू शकते. चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीला तर जिप्सम आणि निचरा लागतो, कोळसा नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याच्या हलक्या, मुरमाड रानात पाणी धरायला मात्र तो उपयोगी पडतो.

‘शेणखत बंद’

उलट, शेणखताशिवाय कोळसा टाकूच नये. आधी कोळसा करायचा तो असा: खड्डा वर चार फूट, तळाला दोन फूट रुंद, तीन फूट खोल. कडकडा मोडेल इतकी वाळलेली पऱ्हाटी घ्या आणि वरून पेटवा. निखाऱ्यांवर पांढुरकी राख दिसू लागली की पुढचा थर. धूर झाला तर थर घाईने पडतोय किंवा पऱ्हाटी ओली आहे. शेवटी भरपूर पाण्यानेच विझवा. नुसती माती लोटून निघून गेलात तर आत धुमसत राहतं आणि सकाळी राख मिळते. बोटांना लागलेलं काळं साध्या पाण्याने निघालं पाहिजे. चिकट राहिलं तर डांबर उरलंय, तो कोळसा पुन्हा जाळा.

हरभऱ्याएवढा चुरा करा. एक भाग चुरा, तीन भाग शेणखत, वर जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे घालून आंबवलेलं पाणी). मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी ठिबकू नये. सावलीत तीन-चार आठवडे, दर आठ दिवसांनी पालटा. नाकात जाणारा अमोनियाचा वास आला तर नत्र उडतंय: गोमूत्र थांबवा, पालापाचोळा मिसळा. वापरण्याआधी दोन कुंड्यांत मूग टाका, एकीत नुसती माती, दुसरीत मातीच्या वीस भागांना एक भाग हे मिश्रण. आठवड्यात मुळांची टोकं तपकिरी झाली तर थांबा.

कांदेबाग (हिवाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या) केळीला झाडामागे पाव किलो कोळसा या मिश्रणातून, मुळाजवळ. दीड बाय दीड मीटरवर एकरी साधारण साडेचार क्विंटल होतो. कांदा-कपाशीत पसरायचा असेल तर एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: पेंडिमेथॅलिनसारखं तणनाशक कोळसा शोषतो, आणि फवारूनही तण उगवतं.

चार ओळी कोळशाविना, फक्त तेवढ्याच शेणखताच्या ठेवा. फरक त्यांच्याशीच ताडा, माती परीक्षणाच्या सेंद्रिय कर्बाशी नाही: प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पद्धतीत कोळशाचा काही कर्बही मोजला जातो, त्यामुळे जिवाणू होते तेवढेच असले तरी आकडा वाढलेला दिसतो.