पदार्थ रोज वेगळा, पण पोटात जातंय तेच

मार्चमधे माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका त्यात निघाल्यात, म्हणजे तुमच्या सोसायटीत जिना चढताना धाप लागणारी प्रत्येक दुसरी बाई. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, खाता काय? मी म्हणलं सगळं खाते की, आमच्याकडे रोज वेगळं असतं. त्या म्हणाल्या आठवडाभर लिहून आणा, पदार्थाचं नाव नको, त्यात काय काय पडलं ते लिहा.

मग वाण्याच्या यादीच्या वहीत मागच्या पानावर लिहायला घेतलं. सोमवारी पोळी, फ्लॉवर बटाटा, वरणभात. मंगळवारी मुलीच्या हट्टाने पावभाजी. बुधवारी पोळी, कोबी बटाटा. गुरुवारी संध्याकाळी नूडल्स. शुक्रवारी आलू पराठा. शनिवारी पास्ता, रविवारी पुरी आणि बटाट्याची भाजी, श्रीखंड. नुसती नावं वाचली तर कोणीही म्हणेल केवढं वेगवेगळं करते ही. पण पोळी, पाव, नूडल्स, पराठा, पास्ता, पुरी, आणि चहाबरोबरची बिस्किटं पण, सगळा गहूच! कुठे कणीक कुठे मैदा एवढाच फरक. बटाटा आठवड्यात पाच दिवस. डाळ फक्त तुरीची. पालेभाजी एकदा, मेथी, तीही मुलीने बाजूला काढून ठेवलेली. सगळे जिन्नस मोजले तर १५ भरले. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले होते, कारण मी मनापासून स्वयंपाक करणारी बाई आहे, घरच्यांना उपाशी ठेवणारी किंवा बाहेरचं खायला लावणारी नाही, आणि तरी हे असं झालं होतं.

तेव्हापासून माझं हे ठाम मत झालंय की आपल्या घरांत पदार्थ वाढले आणि जिन्नस कमी झाले. आईच्या वेळी पदार्थ तेच तेच असायचे, भाजी भाकरी आमटी भात, पण भाकरी कधी ज्वारीची कधी बाजरीची, आमटी कधी मुगाची कधी कुळथाची, भाजी जी मंडईत आली असेल ती. नावं चार, माल चाळीस प्रकारचा. आता बरोब्बर उलटं झालंय.

हे का महत्त्वाचं ते मला समजलं तसं सांगते. एकच जिन्नस सगळं देऊ शकत नाही. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्यातला एक घटक) कमी असतं, डाळींत ते भरपूर, आणि डाळींत मेथिओनिन कमी ते धान्यात मिळतं, म्हणून वरणभात, पिठलं भाकरी, मुगाची खिचडी या जोड्या जमतात, एकाचं कमी दुसरं भरून काढतं. नाचणीच्या १०० ग्रॅममधे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हात ४० च्या आसपास. पालकातही कॅल्शियम आहे पण त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे ते फारसं अंगी लागत नाही, म्हणजे रोज पालक खाल्ला तरी ते काम होणार नाही, ते नाचणी, तीळ, दूध यांनीच होणार. पालेभाजीतलं लोह शोषायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून वर लिंबू पिळायचं, आणि जेवल्या जेवल्या चहा घेतला की तेच लोह बरंचसं वाया जातं (हे माझं चुकत होतं, दुपारच्या जेवणानंतर लगेच चहा, वीस वर्षं). बी१२ तर कुठल्याच भाजीपाल्यात नाही, शाकाहारी माणसाला दूध दही ताकाशिवाय सोय नाही, नाहीतर डॉक्टरांना विचारून गोळी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधे भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या त्यातली पहिलीच ही आहे, विविध पदार्थ खा. आणि २०१८ मधे ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ (इंग्रजीत गट म्हणजे आतडं) या अभ्यासाचे निष्कर्ष आले, दहा हजारांच्या वर लोक होते त्यात, तर आठवड्यात ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. ३० हा काही मंत्र नाही, पण मला मोजायला एक आकडा मिळाला. मी फोडणीतली मोहरी हळद धरत नाही, बाकी धान्य, डाळी, भाज्या, फळं, शेंगदाणे, तीळ, जवस, खोबरं सगळं धरते.

आणि यासाठी किन्वा ॲव्होकॅडो काही लागत नाही हो. जवसाची चटणी करा, त्यात ओमेगा-३ आहे. कारळ्याची करा. मागच्या भोगीला पातेल्यात काय काय पडलं ते मी एकेक आठवून मोजलं, वांगं, गाजर, बटाटा, वाल पापडी, घेवडा, पावट्याचे दाणे, मटार, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, शेंगदाणे, तीळ, अकरा झाले, शिवाय बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. एका जेवणात! आणि मग दुसऱ्या दिवसापासून आपण परत फ्लॉवर बटाट्यावर येतो याचं मला आता खरंच वाईट वाटतं.

वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. तांदुळजा निवडायला अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास बहुतेक घरांत बाईचाच जातो. आमच्याकडे आता रात्री बातम्या लागल्या की परात मधे ठेवायची आणि जो बसेल त्याने निवडायचं, नवरा पण, मुलगी पण. मला वाटतं विविधता हवी असेल तर निवडणं वाटून घ्यायलाच हवं, नाहीतर दोन आठवड्यांत बाई कंटाळून परत कोबीकडे वळते आणि त्यात तिची काही चूक नाही. दुसरं म्हणजे अर्धा किलो एकच भाजी न घेता पावकिलो पावकिलो दोन घ्यायच्या. तुरीच्या डब्यात मूग, मसूर मिसळून ठेवायची. पोळ्यांच्या मावशींना मी आठवड्यातून तीन दिवस भाकरीचं सांगितलं, त्या भाकरीचे पैसे वेगळे घेतात आणि घ्यायलाच हवेत, हाताने थापायची मेहनत आहे ती.

त्या मावशी वेल्ह्याकडच्या. मी त्यांना वहीचं पान दाखवलं तर म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं पावसाळ्यात भाजी इकत घेत न्हाईत." पुढच्या खेपेला गावाहून येताना कुर्डू ही रानभाजी घेऊन आल्या. कांदा लसूण, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कुर्डूची कोवळी पानं, बस, एवढंच. भारंगी कडू असते ती उकळून पाणी टाकून द्यायचं हेही त्यांनीच शिकवलं. (रानभाज्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या, फोटो बघून टेकडीवर तोडायला जाऊ नका प्लीज.)

माझा भाचा सदाशिव पेठेत राहून परीक्षेचा अभ्यास करतो, मेसला जेवतो. त्याला लिहायला लावलं तर आठवड्याचे ११ भरले, बटाटा दोन्ही वेळेला. त्या वयाच्या हजारो मुलांचं या शहरात हेच चाललंय आणि ती मुलं सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्याला मी केळं, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी आणि काकडी एवढं खोलीवर ठेवायला सांगितलंय, गॅस लागत नाही.

आता शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या भाजीवाल्या काकूंकडे पूर्वी अंबाडी असायची. या पावसाळ्यात विचारलं तर म्हणाल्या, "ताई, आणत न्हाई आता. कुणी मागत न्हाई, दुपारपर्यंत मान टाकती, मग गायीला घालायची." म्हणजे आपण मागायचं सोडलं म्हणून ती गाड्यावरून गेली, आणि गाड्यावरून गेली की शेतातूनही जाते. जगात सहा हजारांच्या वर वनस्पती लोक अन्नासाठी लावत आले पण २०१९ च्या एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) अहवालाप्रमाणे पिकांच्या एकूण उत्पादनातला ६६ टक्के वाटा फक्त नऊ पिकांचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी बाएफ या संस्थेच्या मदतीने वाल, घेवड्याची गावठी बियाणी जपली, २०२० ची पद्मश्री मिळाली त्यांना. पण ते बी पेरून आलेली भाजी पुण्यात कोणी घेतलीच नाही तर पेरणारा तरी किती वर्षं पेरेल?

काकूंना म्हणलं माझ्यासाठी दर मंगळवारी एक जुडी आणा, असेल त्या भावाने घेईन. पहिल्या मंगळवारी आणली. शिजवून घोटली, ज्वारीच्या कण्या घातल्या, वरून लसणाची चरचरीत फोडणी, आणि मुलीने, मेथी बाजूला काढणाऱ्या मुलीने, दुसरी भाकरी मागितली कारण आंबट तिला आवडतं हे मला माहीतच नव्हतं. जूनमधे हिमोग्लोबिन ११.२ आलं, गोळ्यांचा वाटा मोठा आहे त्यात, गोळ्या सोडू नका कोणी. वहीचा आकडा सध्या २६ ते २९ मधे फिरतोय.

काल मंगळवार, जायला जरा उशीर झाला तर काकूंकडे अंबाडी नव्हती. चार जुड्या आणल्या होत्या म्हणे, समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघींनी माझ्या हातात बघून विचारलं होतं, त्यांनी नेल्या, माझी ठेवलेली पण गेली. काकू सारखं सॉरी म्हणत होत्या. मी तांदुळजा घेऊन आले.