कडक म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे

‘कडक प्रशिक्षकाशिवाय ऑलिंपिक पदक नाही’ हे एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन कडक होतेच, पण एका शर्यतीआधी त्यांनी फेल्प्सच्या गॉगलवर पाय दिला तो रागाने नव्हे, मुद्दाम, अडचणीतही पोहायची सवय व्हावी म्हणून. पुढे २००८ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायला गॉगलात पाणी शिरलं, तेव्हा पठ्ठ्या हाताचे फटके मोजत भिंतीपर्यंत गेला. सुवर्ण, वर विश्वविक्रम!

माझी मुलगी पणजीत कांपालच्या तलावात पोहते. आधीचे सर (कुठले ते सोडा) काठावरून नुसते ओरडायचे. कान पाण्यात असलेल्या पोरांना काय डोंबल ऐकू येणार? आताच्या मॅडम उकिडव्या बसून स्टॉपवॉच तिच्यासमोर धरतात नि विचारतात, “टर्नच्या आधी श्वास कित्याक (का) घेतलास गो?” पहाटे पाचला आता तीच मला उठवते.