तारीख? कशीही टाका!

डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या कोठारात, तारखेसाठी वेगळा 'डेट' प्रकार असतो, असं कुणी सांगू लागलं तर चहा मागवून विषय बदला. तुम्ही सरळ मजकुराचा रकाना घ्या, तोही ऐसपैस, ५० अक्षरांचा. मग त्यात '१/४/२४' मावेल, 'एप्रिलची एक' मावेल आणि 'साहेब आल्यावर टाकू' हेही मावेल. डेट प्रकाराने यातलं बरंचसं उंबऱ्यावरच अडवलं असतं. एवढा कडकपणा कशाला?

क्रमवारीत ०२/०१/१९९८ ही तारीख ०१/१२/२०२४ च्या नंतर आली, तर घाबरू नका. मजकूर डावीकडून वाचला जातो, त्याला काळ कळत नाही. डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फायलींत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी आठ अक्षरं ठेवत, २०२४१२०१. क्रम आपोआप बरोबर लागायचा. पण त्यात मजा ती काय?

वर्षाचे दोनच आकडे ठेवा. '००' म्हणजे २००० की १९००, हे संगणकाला कळणार नाही या धास्तीने १९९९ साली जगभर रात्री जागवल्या, हे खरं. पण ते दुरुस्त करणाऱ्या कितीजणांची घरं त्यावर उभी राहिली, तेही बघा. १९२८ साली जन्मलेल्या आजीपुढे नुसतं '२८' टाकलंत, की एक्सेल तिला २०२८ मध्ये जन्माला घालतं. पेन्शन आधी, बारसं मागून. याच एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उगवलेला दिवसही आहे. लोटस या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची जुनी चूक, फायली जुळाव्यात म्हणून जपलेली.

जन्मतारीख माहीतच नसेल तर? रकाना रिकामा ठेवणं अशुभ. आपल्या गुरुजींनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय: १ जून! शाळा जूनमध्ये, म्हणून पोरगंही जूनमध्ये. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, केकसुद्धा घाऊक भावात. मायएसक्यूएल या डेटाबेसवाल्यांना एवढं सुचलं नाही; ते बिचारे ०००० सालच्या शून्याव्या महिन्याच्या शून्याव्या दिवसावर भागवत.

आणि फारच आधुनिक व्हायचं असेल, तर १९७० पासूनचे सेकंद मोजा, मात्र ३२ बिटांतच, म्हणजे आकड्याला जागा मोजकीच ठेवून. १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले, की ती जागा संपेल आणि पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ उजाडेल. मंगळवार आहे, रजा आत्ताच टाकून ठेवा. अर्जावर '१९/१/३८' एवढंच लिहा. ऑफिसातलं एक्सेल जुनं असलं तर ते १९३८ समजेल, आणि तुमची रजा इंग्रजांच्या राजवटीतच भोगून झालेली असेल.